हा पाईप कोणाचा?

'घर पाहावे बांधून' असे आपले पूर्वज सांगून गेले. त्या म्हणीला आम्ही एक पुरवणी जोडू इच्छितो : आणि जुने घर पाहावे उकलून. नवे घर बांधताना माणसाला खर्चाची ओळख होते. जुने घर उकलताना आपल्या आधी तेथे राहून गेलेल्या माणसांची ओळख होते. गिलावा पडू लागतो, लाद्या निघतात, आणि भिंतीच्या व जमिनीच्या पोटातून असे काही पाईप डोके वर काढतात, की त्यांचे नाव-गाव घरातील कोणालाही सांगता येत नाही. ते कोठून आले, कोठे निघाले, आत पाणी आहे, वीज आहे की नुसता वारा, काहीच कळत नाही. गवंडी पहार टेकून उभा राहतो आणि विचारतो, "हा ठेवायचा की कापायचा?" घरधनी घाईत असतो. मजुरीचा दिवस चालू असतो. उत्तर बहुधा 'काप' असेच मिळते.

आमच्या वसईच्या पट्ट्यात तर हा प्रश्न घरोघरी निघावा असाच आहे. येथील जुन्या वाड्यांत पाणी म्हणजे विहीर. विहिरीवर आधी बैलांचा रहाट होता आणि केळीच्या बागेला पाणी पाटाने जात असे. पुढे तेलाचे इंजिन आले, मागोमाग विजेची मोटार आली, आणि पाटाची जागा लोखंडी पाईपांनी घेतली. मग ग्रामपंचायतीचा नळ दारात आला. काही भागांत नगरपालिकेचा आला. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र होऊन महानगरपालिका झाली. सूर्या धरणाचे पाणी आले, तेव्हा आणखी नवे पाईप पडले. प्रत्येक पिढीने आपला पाईप टाकला. आधीच्या पिढीचा मात्र काढला नाही. काढायला खोदावे लागते आणि खोदायला पैसे पडतात. म्हणून जुन्यावर माती लोटली गेली. कोठे काय आहे याची नोंद टाकणाऱ्याच्या डोक्यात राहिली आणि त्याच्याबरोबरच मातीआड गेली. आपल्या सातबाऱ्यावर जमिनीतील पिकाची नोंद होते. जमिनीखालच्या अशा पाईपाची सहसा होत नाही.

आमच्या जन्मघराची दुरुस्ती २०२३ च्या उन्हाळ्यात निघाली. वडिलांनी बांधलेले ते कौलारू घर आता थोरल्या बंधूंच्या मुलाकडे आहे. बंधू हयात नाहीत. पुतण्याने मागील दारचे स्वयंपाकघर नव्याने करायला घेतले. हे स्वयंपाकघर मूळ घराला मागाहून जोडलेले, म्हणजे पूर्वी जे अंगण होते त्यावर उभे केलेले. जमीन हातभर खोदली, तेव्हा तीन पाईप निघाले. कंत्राटदार अनुभवी होता. त्याने पहारेने तिन्हींवर एकेक टोला दिला आणि निर्वाळा दिला, "मेलेले आहेत, फादर. दुपारपर्यंत उडवून टाकतो." पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "मेलेला आहे हे ठरवायला नाडी तर बघू या."

ही नाडी कशी बघावी, हे त्या आठवड्यात आम्हांला एका जाणत्या प्लंबरने शिकविले. ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. पहिली परीक्षा लोहचुंबकाची. चुंबक चिकटला तर पाईप लोखंडाचा किंवा बिडाचा. आटे पाडून जोडलेला, राखी रंगाचा आणि जस्ताचा मुलामा असलेला तो गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे आपल्या बोलण्यातला जी. आय. पाईप, तो बहुधा पाण्याचा. जाड, काळा आणि एका टोकाला रुंद तोंड असलेला तो बिडाचा. जुने कारागीर त्याच्या सांध्यात ताग ठासून वर वितळलेले शिसे ओतीत. चुंबक चिकटला नाही तर नाण्याने हलकेच खरवडून पाहावे. आत तांबूस निघाले तर तांबे. नाणे सहज रुतले आणि खाली रुपेरी चकाकी दिसली तर ते शिसे. तपकिरी, तुळतुळीत, भाजलेल्या मातीचा असेल तर तो सांडपाण्याचा. खरखरीत, राखाडी सिमेंटचा दिसला तर त्यात ॲस्बेस्टॉस असल्याचा संशय घ्यावा. तो कोरडा कापू वा घासू नये, कारण त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. ते काम जाणकारावर सोपवावे.

पाईपावरील रंगाने मात्र फसू नये. आपल्याकडील लोखंडी पाईपांवर पिवळा, निळा किंवा तांबडा पट्टा असतो. पुष्कळांना वाटते, तो आतील पदार्थाची खूण आहे. वास्तविक तो जाडीची खूण आहे : पिवळा हलका, निळा मध्यम, तांबडा जाड. कारखान्यांत आतील पदार्थानुसार रंग देण्याची पद्धत वेगळी आहे आणि घरांतून ती कोणी पाळत नाही. म्हणून रंगावरून निष्कर्ष काढून छिन्नी चालविणे धोक्याचे.

शिशाचा उल्लेख केला तो सहज नव्हे. 'प्लंबर' हा शब्दच लॅटिनमधील 'प्लुंबुम', म्हणजे शिसे, यावरून आला. रोमन लोक पाणी शिशाच्या नळांतून नेत, आणि पाश्चात्त्य शहरांत ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत चालली. अमेरिकेतील फ्लिंट या शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला. नदीचे नवे पाणी अधिक गंजकारक होते, आणि ते गंज रोखणारे द्रव्य न घालता सोडले गेले. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले आणि लहान मुलांच्या रक्तात गेले. नळ जुनेच होते. पाणी बदलले आणि ते बोलू लागले. जुन्या पाईपाविषयी 'इतकी वर्षे काही झाले नाही' हे समाधान किती तकलादू असते, याचे एवढे उदाहरण पुरे.

आता आमच्या तीन पाईपांकडे वळू. पहिला बोटाएवढा, काळ्या लोखंडाचा, भिंतीतून उतरून जमिनीत गेलेला. पाण्याचा म्हणावा तर सांध्याला ना सुतळी, ना पांढरा. वायरमनने भिंतीतील डबी उघडली, तर आत कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा निघाल्या. स्वयंपाकघराचा खटका बंद होता, तरीही टेस्टरचा दिवा लागला. मोटारीच्या जुन्या जोडणीवरून त्या तारांत वीज येत होती. कंत्राटदार गप्प झाला. सकाळी त्याच ठिकाणी त्याचा एक तरुण मजूर ओल्या मातीत अनवाणी उभा राहून छिन्नी धरण्याच्या बेतात होता. त्या मुलाचे वय एकोणीस.

दुसरा पाईप तपकिरी मातीचा. त्याच्या वरच्या तोंडात हळदीचे पाणी ओतून खाली कोठे पिवळे दिसते ते पाहिले. कोठेच दिसले नाही. शेवटी चर खणीत गेलो, तेव्हा तो जुन्या मोरीपासून परसातल्या एका विसरलेल्या शोषखड्ड्याकडे जात असल्याचे आढळले. असा सोडलेला मार्ग उघडा ठेवू नये. त्यातून उंदीर-झुरळे येतात, दुर्गंधी येते आणि त्याहून वाईट असा विषारी वायूही येतो. दोन्ही तोंडे सिमेंटने बंद करावीत. जुन्या खड्ड्यात मात्र स्वतः उतरू नये, मजुरालाही उतरवू नये. वरूनच मुरूम भरून तो बुजवावा. खड्ड्यात उतरलेला पहिला वर येत नाही आणि त्याला काढायला गेलेला दुसराही येत नाही, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

राहिला तिसरा. हा जी. आय. पाईप विहिरीच्या बाजूने येऊन स्वयंपाकघराखालून तिरका पूर्वेकडे गेलेला होता. त्या दिशेला आमच्या चुलत बंधूंचे घर. ते बंधूही आता नाहीत. वहिनी आणि त्यांचा नातू असतात. वडिलांच्या पश्चात बांधावरून दोन घरांत वाद झाला, दावा लागला, आणि त्याला पंधरा वर्षे उलटून गेली. बोलणे बंद. लग्नकार्यात एकमेकांची नजर चुकवायची, एवढाच काय तो संबंध.

पाईप जिवंत की मृत, हे प्रथम ठरवायचे होते. विहिरीजवळ खांबांवर सिमेंटचा हौद आहे. रात्री तो भरला, घरातील व बागेतील सर्व चाव्या बंद केल्या आणि पाण्याच्या पातळीवर कोळशाने रेघ ओढली. सकाळी पाणी तीन बोटे उतरले होते. म्हणजे एक तर कोठे गळती होती, नाही तर कोणी पाणी घेत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे प्लंबरने सळईचे एक टोक पाईपावर टेकविले आणि दुसरे कानाला लावले. गळती शोधणारे पालिकेचे कर्मचारी रात्रीच्या शांततेत असेच करतात. बराच वेळ काही नव्हते. पावणेसहाच्या सुमारास सळईतून सळसळ ऐकू आली. दहा मिनिटे चालली आणि चावी फिरवावी तशी एकदम थांबली. प्लंबर हसून म्हणाला, "गळती घड्याळ बघून सुरू होत नाही, फादर."

गावात इंजिने व मोटारी दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. वय ऐंशीच्या पुढे, परंतु स्मरण लखलखीत. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितले, "तो तुमच्या बाबांनी टाकलेला. पुतण्याची विहीर खारी झाली ना, तेव्हा हौदातून त्याला एक तोटी दिली. पाईप मीच जोडला. तेव्हा तिथं अंगण होतं."

खाडीच्या अंगाच्या कितीतरी विहिरी वसईत अशा खाऱ्या झाल्या. जमिनीतील गोडे पाणी उपसत गेलो की समुद्राचे पाणी त्याची जागा घेते. त्या दिवसांत ज्याची विहीर गोडी राहिली त्याने शेजारच्याला तोटी द्यावी, ही गोष्ट इतकी स्वाभाविक होती की ती कागदावर लिहावी असे कोणाला वाटले नाही. पुढे वाटणी झाली, दावा झाला. देणाराही गेला आणि घेणाराही गेला. पाणी तेवढे वाहत राहिले.

पुतण्याने सर्व ऐकून घेतले. त्याचा चेहरा कठीण झाला. तो म्हणाला, "विहीर आपली, मोटारीचं बिल आपलं. आणि कोर्टात आपल्याला उभं करतात ते तेच. फादरकाका, मी हा पाईप कापला तर मला कोण दोष देईल?" त्याचे म्हणणे हिशेबाने चुकीचे नव्हते. आम्ही त्याला प्रवचन दिले नाही. घरच्यांना प्रवचन देऊन उपयोग नसतो, हे इतक्या वर्षांत कळले आहे. आम्ही इतकेच म्हणालो, "कापायचा तर काप. पण पाणी कोणाच्या तोंडचे जाते ते माहीत झाल्यावर न सांगता कापू नये. आधी सांगून ये." तो एकटा जाईना. मग आम्ही दोघे गेलो.

वहिनींनी दार उघडले. आम्हांला पाहून थबकल्या. पंधरा वर्षांनी त्या उंबऱ्याशी पुतण्या उभा होता. पाईपाची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जे उमटले ते आश्चर्य खरे होते. त्या म्हणाल्या, "फादर, मला तर वाटलं ते जुन्या पंचायतीचं पाणी. तोटी ह्यांनी लावलेली. बिल कधी आलं नाही, म्हणून मीही बोलले नाही. विचारायला गेले तर मागचं सगळं एकदम मागतील, अशी भीती!" एवढे बोलून त्या स्वतःच हसल्या आणि लगेच गंभीर होऊन म्हणाल्या, "तुमचं आहे, तर कापा." त्या एका वाक्यात पंधरा वर्षांचा ताठा होता. पुतण्या खाली बघत उभा राहिला आणि मग त्याने विचारले, "काकी, दिवसाला किती पाणी लागतं तुम्हांला?"

पालिकेचे पाणी रोज पुरेसे येत नाही. या तोटीवर त्यांची धुणीभांडी आणि परसातील भाजी चालत होती. पुतण्याने स्वयंपाकघराखालचा पाईप हौदापाशीच तोडून बंद केला आणि घराच्या बाहेरून, डोळ्यांना दिसेल असा, नवा पाईप वहिनींच्या परसापर्यंत नेला. मध्ये चावी बसविली. मोटारीच्या बिलाचा काही भाग वहिनी हट्टाने नातवाकरवी पाठवितात. दावा मिटला असे आम्ही म्हणणार नाही. तो अजून चालू आहे, तारखा पडत आहेत. परंतु त्या सकाळी पहारेचा एकच घाव बसला असता, तर पाणी बंद झाल्याचे कारण वहिनींना कसे कळले असते? 'त्यांनी मुद्दाम तोडले' असेच त्या म्हणाल्या असत्या, आणि त्या म्हणण्याला आमच्यापाशी उत्तर नसते.

याच निमित्ताने प्लंबरने आणखी एक गोष्ट दाखविली. ती प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी अशी आहे. विहिरीची आणि पालिकेची लाईन एकमेकींना कोठे जोडली गेली आहे काय, हे अवश्य पाहावे. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. उरलेला वेळ पाईप रिकामा असतो आणि त्यात ओढ निर्माण होते. अशा वेळी विहिरीचे किंवा गटाराशेजारच्या फुटक्या पाईपातील घाण पाणी आत खेचले जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तांब्यात येते. तसेच, खरोखर मेलेला पाईपही अर्धवट लोंबता ठेवू नये. तो मूळ लाईनपाशीच तोडून तेथे बूच बसवावे. नाही तर त्या आंधळ्या तुकड्यात पाणी साचून कुजत राहते.

सेमिनरीत लॅटिन शिकताना फ्राँटिनुस या रोमन अधिकाऱ्याचे नाव आम्ही ऐकले होते. या पाईपांनी त्याची पुन्हा आठवण करून दिली. इसवी सन ९७ मध्ये तो रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. शहराला नऊ जलमार्गांनी पाणी येत होते. त्याने पाहिले, तर जमिनीखाली ठिकठिकाणी भोके पाडून लोकांनी नोंद नसलेले नळ गुपचूप जोडलेले! त्याने ते शोधून काढले, पाणी मोजले, जलमार्गांचे नकाशे करवून घेतले आणि आपल्या मागून येणाऱ्यांना उपयोगी पडेल असा ग्रंथ लिहून ठेवला. म्हणजे 'हा पाईप कोणाचा?' हा प्रश्न एकोणीसशे वर्षांपूर्वीही होता, आणि उत्तर तेव्हाही तेच होते : शोधा आणि लिहून ठेवा.

जेरुसलेमच्या जुन्या नगरीखाली गीहोन झऱ्याचे पाणी सिलोआमच्या तळ्याकडे नेणारा सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा आहे. तो दोन्ही टोकांकडून खोदला गेला. खोदणारे मध्ये एकमेकांचा आवाज ऐकून कसे भेटले, हे त्यांच्यापैकी कोणीतरी आतील भिंतीवर कोरून ठेवले. तो लेख १८८० साली एका मुलाच्या दृष्टीस पडला. लेखात राजाचे नाव नाही. काम कसे झाले तेवढेच आहे. पाण्याचे काम करणाऱ्याने मागे ठेवावे असे एवढेच असते.

पुतण्याने चर बुजविण्यापूर्वी त्यावर टेप पसरून मोबाईलवर छायाचित्रे काढली. एका कागदावर घराचा आराखडा काढला. प्रत्येक पाईपाचे अंतर घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून मोजून लिहिले, कारण झाड किंवा कुंपण यांवरून मापे घेतली तर उद्या झाडही नसते आणि कुंपणही नसते. पाईपाची खोली, जात, चाव्यांची ठिकाणे आणि काम केल्याचे साल नोंदविले. एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवली आणि दुसरी वहिनींकडे दिली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि एक चूक दाखविली : त्यांच्या परसातील वळण डावीकडे नाही, उजवीकडे आहे. पुतण्याने ती तेथेच दुरुस्त केली.

घराची दुरुस्ती झाली की आशीर्वादासाठी आम्हांला बोलावणे येते. तोवर सारे झाकलेले असते. नव्या लाद्या चमकत असतात, रंगाचा वास दरवळत असतो. अलीकडे पवित्र पाणी शिंपडण्याआधी आम्ही घरधन्याला विचारतो, "खालच्या पाईपांचा नकाशा काढलात ना?" बहुतेकांना तो विनोद वाटतो. एक-दोघांनी मात्र दुसऱ्या दिवशी कागद आणून दाखविला.